पाणी घालून इथेनॉल, पाणी काढून इथेनॉल

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षानंतर महिनाभर ट्रेनिंगला म्हणून सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत होतो. पहिल्याच दिवशी शिफ्ट इन्चार्ज काकांनी मला लोखंडी जिन्यानं पार ऊर्ध्वपातनाच्या उंच कॉलमच्या टोकापाशी नेलं आणि विचारलं, "काय करतो आपण हितं?" मी पुस्तकातलं म्हणून दाखवलं: आधी किण्वन, मग ऊर्ध्वपातन, मग निर्जलीकरण. काका हसले. "न्हाई. पाणी उकळतो. रातंदिस पाणी उकळायचं आणि त्यातनं घावंल तेवढं स्पिरिट काढून घ्यायचं. तू वाफेचा आकडा तेवढा बघत जा. बाकीचं आपोआप कळतंय."

महिनाभर वाफेचा आकडा वहीत उतरवून घेतला. इथेनॉल करायला त्यातून मिळते त्यापेक्षा जास्त ऊर्जा लागते म्हणे, हा मेसेज फिरत फिरत माझ्याकडे आला की मला ती वही आठवते. मेसेज खरा की खोटा, याचं एका शब्दात उत्तर नाही. कशापासून केलं, कुठे केलं आणि बॉयलरमध्ये काय जाळलं यावर ते ठरतं. पण हिशेब समजायला अवघड नाही, फक्त पाण्यावर नजर ठेवावी लागते.

आधी माप ठरवू. इथं रुपयांचा नव्हे, ऊर्जेचा हिशेब करायचाय, म्हणून मेगाज्यूल. वीजबिलावरचं एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. लिटरभर पेट्रोल जाळलं की साधारण ३२ मेगाज्यूल उष्णता मिळते, लिटरभर इथेनॉलमधून २१, आणि मिथेनॉल या त्याच्या धाकट्या भावातून (तोही इंधन म्हणून चालतो) जेमतेम १६. (म्हणूनच वीस टक्के इथेनॉल घातलेल्या पेट्रोलमध्ये लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. गाडीचं ॲव्हरेज पडलं म्हणणारा अगदीच उगाच कुरकुरत नसतो.) यातला २१ हा आकडा लक्षात ठेवा. लिटरभर इथेनॉल करायला किती मेगाज्यूल गेले, ते याच्याशी ताडून बघायचं.

साखरेचं अल्कोहोल करण्याचं मूळ काम यीस्ट करतं, आणि जवळपास फुकट करतं. १०० किलो ग्लुकोजपासून कागदावर ५१ किलो इथेनॉल निघतं, उरलेले ४९ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. वजन निम्मं झालं म्हणजे ऊर्जाही निम्मी गेली असं वाटेल. तसं होत नाही. ग्लुकोजमधली सुमारे ९७ टक्के ऊर्जा त्या ५१ किलोंत येऊन बसते, कारण उडून गेलेल्या वायूत जळण्यासारखं काही उरलेलंच नसतं. यीस्ट स्वतःच्या पोटापाण्यापुरते दोन-तीन टक्के ठेवून घेतं. एवढ्या कमी दलालीत काम करणारा कुठल्याही बाजारात सापडायचा नाही. तापमान तीस-बत्तीस अंश, दाब साध्या हवेचा. उलट टाकी फार तापू नये म्हणून बाहेरून पाणी फिरवून ती गार ठेवावी लागते.

अडचण एकच, यीस्टला स्वतःचीच दारू चढते. वॉशमध्ये, म्हणजे आंबलेल्या रसात, अल्कोहोल आठ-दहा, फार तर बारा टक्क्यांवर गेलं की ते काम थांबवतं. म्हणजे टाकीत लिटरभर अल्कोहोलसोबत नऊ-दहा लिटर पाणी आहे, आणि गाडीला हवंय ते ९९.५ टक्क्यांचं इथेनॉल. खर्च सुरू होतो तो इथून.

गोव्यात काजूच्या हंगामात हा खर्च उघड्या डोळ्यांनी दिसतो. बोंडांचा रस आंबवून भाटीवरच्या भांड्यात घालायचा आणि खाली लाकडं पेटवायची. पहिल्या फेरीला मिळतो तो हलका हुर्राक, पंधरा टक्क्यांच्या आसपासचा. तो पुन्हा भांड्यात चढवून उकळला की चाळिशीच्या वरची फेणी. दर फेरीला अल्कोहोल वाढतं आणि दर फेरीला लाकडांचा नवा भारा लागतो. डिस्टिलरीतला कॉलम म्हणजे अशा कितीतरी भाट्या एकावर एक रचलेल्या. आत थाळ्यांची चळत असते, खालून वाफ वर जाते, वरून द्रव खाली गळतो, आणि प्रत्येक थाळीवर थोडं उकळणं, थोडं थंड होणं चालू असतं. माथ्यावर आलेल्या अल्कोहोलचाही बराच भाग मुद्दाम परत खाली सोडतात, नाहीतर शुद्धता येत नाही. एकच अल्कोहोल असं पुन्हा पुन्हा उकळलं जातं. नुसतं लिटरभर अल्कोहोल एकदा उकळायला एक मेगाज्यूलसुद्धा लागत नाही, पण या येरझाऱ्यांमुळे लिटरमागे साधारण ३ किलो वाफ जाते. तीन किलो वाफ म्हणजे ढोबळ मानानं ८ मेगाज्यूल. हातात येणाऱ्या २१ पैकी ८, एकट्या पाणी वेगळं करण्यापायी.

एवढं करूनही कॉलम ९५-९६ टक्क्यांवर येऊन अडतो. पुढे कितीही थाळ्या वाढवा, उपयोग नाही. त्या मिश्रणात पाणी आणि अल्कोहोल हातात हात घालून एकाच ७८.२ अंशांना उकळतात, त्यामुळे वाफेत आणि द्रवात प्रमाण सारखंच राहतं. पूर्वी ही जोडी फोडायला बेन्झीन घालायचे. बेन्झीननं कॅन्सर होतो हे कळूनही ते बरीच वर्षं चाललं. आता झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजाचे मणी वापरतात. मण्यांना असलेली छिद्रं ३ अँगस्ट्रॉमची (एका मिलिमीटरचे एक कोटी भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे अँगस्ट्रॉम). पाण्याचा रेणू २.८ चा, तो आत शिरतो. इथेनॉलचा ४.४ चा, तो दारातच अडतो. ट्रेनिंगमध्ये मला सगळ्यात जास्त आवडलेली वस्तू म्हणजे हे मणी. हातात घेतले तर साबुदाण्यासारखे दिसतात, आणि ओल्या तळहातावर ठेवले तर पाणी शोषताना चांगले गरम होतात. ती ऊब म्हणजे पुढच्या खर्चाची पावती, कारण शोषलेलं पाणी हाकलून मणी पुन्हा कोरडे करायलाही उष्णता द्यावी लागते. ब्राझीलमध्ये हा शेवटचा टप्पा गाळून पाणी असलेलं इथेनॉल थेट पंपावर विकतात. तिथल्या गाड्या तशाच बनवलेल्या असतात. पेट्रोलमध्ये मिसळायचं असेल तर मात्र ती मुभा नाही, पाणी राहिलं की टाकीत दोन थर होतात.

हे झालं जैविक इथेनॉल. खनिज तेलाचा रस्ता बरोब्बर उलट्या बाजूनं येतो. नाफ्था (कच्च्या तेलातला हलका भाग) किंवा इथेन वायू ८०० अंशांच्या पुढे तापवून त्याचे तुकडे पाडायचे. त्या तुकड्यांतला एक म्हणजे इथिलीन, ज्याच्यापासून आपल्या प्लास्टिकच्या पिशव्या होतात. इथिलीनच्या रेणूला पाण्याचा एक रेणू चिकटवला की झालं इथेनॉल. आंबवणं नाही, यीस्ट नाही, उसाच्या फडात तोडीची वाट बघणं नाही. इथं पाणी काढायचं नसतं, घालायचं असतं. फॉस्फोरिक आम्लाच्या उत्प्रेरकावर ही प्रक्रिया मोठ्या प्रमाणावर करणारा पहिला कारखाना शेल कंपनीनं १९४७ मध्ये सुरू केला. साधारण ३०० अंश तापमान आणि हवेच्या साठ-सत्तर पट दाब.

कागदावर हे फार देखणं दिसतं. प्रत्यक्षात इथिलीन एकदा उत्प्रेरकावरून गेलं की त्यातलं चार-पाच टक्केच इथेनॉल होतं, बाकीचं परत फिरवायचं. आणि या फिरत्या वायूतून तयार इथेनॉल वेगळं कसं काढतात? पाण्यानं धुऊन! म्हणजे हाताशी येतं ते पुन्हा पाण्यात मिसळलेलं अल्कोहोल. वॉशपेक्षा थोडं घट्ट असतं, पण पुढे तोच कॉलम, तीच वाफ आणि तीच ९५ टक्क्यांची भिंत. पाण्यापासून इथंही सुटका नाही.

आता आकडे. किलोभर इथेनॉलला ०.६१ किलो इथिलीन लागतं, आणि तेवढ्या इथिलीनमध्ये साधारण २९ मेगाज्यूल ऊर्जा आधीच भरलेली असते. ते इथिलीन करायला क्रॅकरच्या, म्हणजे तुकडे पाडणाऱ्या, भट्टीत इंधन जळतं ते वेगळं. नाफ्थ्याच्या क्रॅकरला किलोमागे २५-३० मेगाज्यूल लागतात, इथेनच्या क्रॅकरला थोडे कमी. दोन्हींची बेरीज करून, वर दाब आणि वाफ धरून लिटरवर आणलं तर माझ्या हिशेबानं आकडा ४० मेगाज्यूलच्या आसपास जातो. हातात किती आले? तेच २१. शिवाय ते २१ सुद्धा मुळात जमिनीखालच्या तेलाचेच, सूर्याकडून आलेलं नवीन काही नाही. म्हणजे इंधन म्हणून जाळायला असं इथेनॉल करणं हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार. कोणी करतही नाही. हे इथेनॉल रंग, औषधं, अत्तरं असल्या कामांना जातं. तिथंही जगाच्या एकूण इथेनॉलमध्ये त्याचा वाटा अगदी थोडा राहिलाय. स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथचा असा कारखाना बंद करत असल्याचं इनिओस कंपनीनं २०२५ च्या जानेवारीत जाहीर केलं, तेव्हा ऊर्जेच्या चढ्या दरांचं कारण पुढे केलं होतं.

आपल्याकडे तर गाडी उलटी धावते. उत्तराखंडात काशीपूरला इंडिया ग्लायकॉल्स ही कंपनी मळीपासून केलेल्या अल्कोहोलमधून पाणी काढून त्याचं इथिलीन करत आली आहे. ब्राझीलमध्ये त्रिउन्फोला ब्रास्केम कंपनी २०१० पासून तेच करते, सुरुवातीला वर्षाला २ लाख टन क्षमतेनं, आणि पुढे त्याचं प्लास्टिक बनवते. एकच रासायनिक समीकरण. उसाच्या देशात ते उजवीकडून डावीकडे वाचतात, तेलाच्या देशात डावीकडून उजवीकडे.

न्यायाचं म्हणून सांगायला हवं, की पेट्रोलही फुकट हातात पडत नाही. विहिरीतून कच्चं तेल काढून, वाहून, शुद्ध करून १०० मेगाज्यूलचं पेट्रोल पंपावर पोचेपर्यंत १२०-१२५ मेगाज्यूलचं खनिज इंधन खर्ची पडलेलं असतं. त्यामुळे इथेनॉलची तुलना शून्य खर्चाच्या पेट्रोलशी करणं बरोबर नाही. मेसेज पाठवणारे नेमकं हेच विसरतात.

आता जैविक बाजूच्या त्या ८ मेगाज्यूलकडे परत येऊ. ते येतात कुठून? उसाच्या बाबतीत याचं उत्तर उसातच आहे. टनभर उसाचा सगळा रस इथेनॉलकडे वळवला तर साधारण ७० लिटर मिळतं, म्हणजे १,४७० मेगाज्यूल. त्याच टनातून २८० किलोच्या आसपास बगॅस, म्हणजे रस काढून उरलेलं चिपाड, निघतो. निम्मा ओला असतो, तरी त्यात २,१०० मेगाज्यूल भरतात. म्हणजे रसापेक्षा चिपाडात ऊर्जा जास्त! कारखाना या चिपाडावर चालतो. किलोभर बगॅसमागे साधारण दोन किलो वाफ होते. आधी तिच्यावर टर्बाईन फिरतं, मग तीच वाफ रस तापवायला आणि कॉलमला जाते. नीट चालवलेल्या कारखान्यात हे सगळं भागून वर वीज विकता येते. मका, ज्वारी, तांदूळ यांच्या दाण्यासोबत असं चिपाड कारखान्यात येत नाही. उसाचा वरचष्मा आहे तो मुख्यतः यामुळे, रसाच्या गोडीमुळे नव्हे.

इथं दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात, ते सोडवून घेतलेले बरे. एकूण ऊर्जा किती गेली, हा एक प्रश्न. त्यातली खनिज इंधनाची किती, हा दुसरा. पहिल्या प्रश्नात ऊस काही फार हुशार ठरत नाही. ओला बगॅस जाळणं म्हणजे ओली लाकडं चुलीत घालणं, बरीच आच त्यातलं पाणी हाकलण्यात जाते. पण दुसऱ्या प्रश्नात तो सरळ बाजी मारतो, कारण ते चिपाड गेल्या वर्षीच्या उन्हातून आलेलं असतं. ब्राझीलच्या साओ पाउलो भागातल्या उसाचे हिशेब बघितले तर खनिज इंधनाचा एक मेगाज्यूल घातला की इथेनॉलचे आठ-नऊ मेगाज्यूल हाती येतात. हा आकडा आपल्याकडच्या भाषणांतही सर्रास ऐकू येतो.

माझं म्हणणं असं, की तो आकडा इकडे आणताना वाटेत पाणी सांडतं.

साओ पाउलोचा ऊस बहुतांशी पावसावर येतो. आमचा ऊस पावसावर येत नाही. तो कॅनॉलवर येतो, विहिरीवर येतो आणि नदीकाठच्या उपसा योजनांवर येतो. आमच्या शेताला ज्या योजनेचं पाणी आहे ती कृष्णेतून उचलते, आणि पाळी कधी येणार यापेक्षा वीज कधी येणार याचीच चौकशी जास्त होते. एक हिशेब करून बघू. हेक्टरी २ कोटी लिटर पाणी वरून द्यावं लागलं (पाटानं भिजवणाऱ्याला हे फार नाही) आणि ते ३० मीटर उचलावं लागलं. नुसतं उचलण्याचं काम ५,९०० मेगाज्यूलचं. पंप, मोटर आणि पाइप मिळून चाळीस टक्केच कार्यक्षम धरले तर वीज लागली १४,७०० मेगाज्यूल, म्हणजे चार हजारांवर युनिटं. वीज कोळशाची असेल तर औष्णिक केंद्रात त्यासाठी सुमारे ४३,००० मेगाज्यूलचा कोळसा जळाला. आता त्याच हेक्टरात ८० टन ऊस धरा. सगळ्याचं इथेनॉल केलं तर ५,६०० लिटर, म्हणजे १,१७,६०० मेगाज्यूल. तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त ऊर्जा ऊस कारखान्याच्या गेटवर पोचण्याआधी पाण्याबरोबर वाहून गेली. हे आकडे मी धरलेल्या मापांचे आहेत. कॅनॉलच्या प्रवाही पाण्यावर हा खर्च जवळजवळ शून्य होतो, ठिबकवर पाणीच कमी लागतं, पंप सौर असेल तर कोळशाची गोष्ट संपते. आणि शंभर मीटर उचलणारी योजना असेल तर? मग न बोललेलंच बरं.

दुसरी चोरवाट युरियाची. ४५ किलोचं पोतं आपण खांद्यावरून बांधापर्यंत नेतो, तेव्हा त्यात काय भरलंय याचा विचार मनात येत नाही. युरियाचा अमोनिया नैसर्गिक वायूपासून होतो, आणि आपल्याकडच्या कारखान्यांत किलोभर युरियाला सुमारे २४ मेगाज्यूल खर्ची पडतात. पोत्याला १,१०० मेगाज्यूलच्या आसपास. म्हणजे ते पोतं नव्हे, ३४ लिटर पेट्रोलचा कॅन खांद्यावर आहे. सुरू उसाला, म्हणजे वर्षभरात तुटणाऱ्याला, हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे, ते सगळं युरियातून दिलं तर बारा पोती. आडसालीला, म्हणजे दीड वर्षाच्या उसाला, ४०० किलो. त्यातलं बरंच पाण्याबरोबर खाली झिरपून जातं, ते दुःख निराळं.

तरीही मळीपासून केलेल्या इथेनॉलला हा सगळा खर्च लावायचा का? ऊस लावला साखरेसाठी, मळी उरली म्हणून तिचं अल्कोहोल केलं. मग पाण्याचा आणि युरियाचा भार साखरेनं उचलायचा की मळीनं? इथं सुरू होतात ती भांडणं शास्त्रीय कमी आणि शेजारच्या वावरवाल्याशी बांधावरून होतात तशी जास्त असतात. बांध थोडा इकडे कोरला की आकडा बदलला.

याचा सगळ्यात गाजलेला तंटा अमेरिकेत मक्यावरून झाला. डेव्हिड पिमेंटेल आणि टॅड पॅट्झेक या तिथल्या दोन प्राध्यापकांनी २००५ मध्ये मांडलं, की मक्याच्या इथेनॉलमध्ये जेवढी ऊर्जा असते त्यापेक्षा २९ टक्के जास्त खनिज ऊर्जा ते करण्यात जाते. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या होसेन शापूरी यांचा गट २००२ मध्ये म्हणत होता, की नाही, एकाला १.३४ परत मिळतात. मका एकच, बॉयलर एकच, मग फरक कुठून आला? पिमेंटेल यांनी ट्रॅक्टर बनवायला लागलेली ऊर्जाही धरली आणि शेतावर राबणाऱ्यांच्या जेवणाचीसुद्धा. शापूरींनी त्या गोष्टी बांधाबाहेर ठेवल्या, आणि स्टार्च काढून घेतल्यावर उरणाऱ्या प्रथिनांनी भरलेल्या चोथ्याला, जो गुरांना घालतात, ऊर्जेचा वाटा नेमून दिला. २००६ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठातल्या एका गटानं सगळ्यांचे आकडे एका मापात बसवून बघितले, तेव्हा उत्तर थोडं नफ्याच्या बाजूला झुकलं. फार नाही. नंतर कारखाने सुधारले, एकरी उत्पन्न वाढलं, आणि कृषी खात्याचा पुढचा आकडा दोनच्या आसपास गेला. मेसेजमधलं ते "मिळते त्याहून जास्त लागते" हे मूळ इथलं, मक्याचं आणि २००५ सालचं. उसाला ते लावता येत नाही.

पण आपल्याकडे मका आता बाहेरचा राहिलेला नाही. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली, साखर कमी पडेल या भीतीनं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ती उठली, पण मधल्या काळात मक्यानं पाय रोवले. मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१.८६ रुपये आणि उसाच्या रसाच्या इथेनॉलला ६५.६१, असा तेव्हा दर असल्यावर रोवणारच. मक्याच्या टनाला ३८० लिटर मिळतं हे खरं. पण आधी दळायचं, मग शिजवायचं, एन्झाइम घालून स्टार्चची साखर करायची, आणि शेवटी तो चोथा वाळवायचा. चोथा वाळवणं म्हणजे काय? परत पाणी उकळणं! लिटरमागे ४ किलो वाफ धरली आणि ती कोळशाच्या बॉयलरची असली, तर २१ मेगाज्यूलच्या इथेनॉलमागे १२-१३ मेगाज्यूलचा कोळसा, शेतातला खर्च वेगळाच. चोथ्याचं श्रेय दिलं तर हिशेब नफ्यात राहतो, पण उसाशी त्याची बरोबरी नाही. तुसावर चालणारा बॉयलर असेल तर चित्र पालटतं. "जैविक" या एका शब्दाखाली कोळशावरचा मका आणि बगॅसवरचा ऊस एकत्र बांधणं मला पटत नाही.

मिथेनॉलचं लवकर उरकतो, कारण त्यात नाट्य कमी आहे. नैसर्गिक वायू वाफेबरोबर तापवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन करायचे, मग तांब्या-जस्ताच्या उत्प्रेरकावर त्यांचं मिथेनॉल. चांगल्या कारखान्यात किलोमागे ३० मेगाज्यूलच्या आसपास वायू जातो आणि मिथेनॉलमध्ये २० येतात, म्हणजे दोन तृतीयांश वाचलं. कोळशापासून केलं तर ४० ते ५० जातात. चीनचं बहुतेक मिथेनॉल याच रस्त्यानं होतं. आपल्या कोळशात राखच तीस-चाळीस टक्के, त्यामुळे आपल्याला ते आणखी जड. सरकारी भेल कंपनीनं हैदराबादला २०२१ मध्ये अशाच राखाळ कोळशापासून मिथेनॉल करून दाखवलं, दिवसाला पाव टन. लाकूडकाडीपासूनही वायू करून मिथेनॉल होतं, आणि त्यात एक सोय अशी की लाकडातलं सगळंच कामाला येतं, फक्त साखर नव्हे.

ती सोय इथेनॉलवाल्यांना नाही, हे पानिपतला दिसतं. इंडियन ऑइलनं तिथं १० ऑगस्ट २०२२ रोजी सुरू केलेला कारखाना भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करायचा म्हणून उभारलेला आहे. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचं. वर्षाला २ लाख टन पेंढ्यातून ३ कोटी लिटर, असं सांगितलं गेलं. म्हणजे टनाला १५० लिटर. पेंढ्याच्या टनात सुमारे १४,००० मेगाज्यूल असतात आणि त्यातले इथेनॉलमध्ये येतात ३,१५०, पाव हिस्सासुद्धा नाही. बाकीचं बरंचसं लिग्निनमध्ये, म्हणजे पेंढ्याच्या न आंबणाऱ्या लाकडी भागात, अडकून राहतं, ते बॉयलरमध्ये जाळायचं. शिवाय पेंढा आधी वाफेनं आणि आम्लानं मऊ करावा लागतो. शेतात जाळून हवेत सोडण्यापेक्षा हे बरंच, पण पेंढा आयता पडलेला आहे म्हणून इथेनॉलही आयतं मिळेल असं समजू नये.

आता राहिला डिस्टिलरीचा मागचा दरवाजा. मळीच्या लिटरभर अल्कोहोलमागे दहा-बारा लिटर स्पेंट वॉश, म्हणजे अल्कोहोल काढून घेतल्यावर उरलेला वॉश, निघतो. काळाकुट्ट, कढत, आणि वास असा की महिनाभर माझे कपडे आई वेगळे भिजवायची. पूर्वी तो कुठेही सोडून द्यायचे, नदीकाठच्या गावांना ठाऊक आहे. आता एक थेंब बाहेर सोडायला परवानगी नाही. म्हणून आधी बंद टाक्यांत जिवाणूंकरवी त्याचा गॅस काढतात, आणि हा गॅस बॉयलरला वाफेचा मोठा हातभार लावतो. उरलेलं पुन्हा आटवायचं, काकवी आटवतात तसं, घट्ट होईपर्यंत, आणि मग बगॅस किंवा कोळशाची जोड देऊन जाळायचं. सुरुवातीच्या त्या ३ किलो वाफेत हे आटवणं धरलेलं नाही, कारण त्या वेळी मी वहीत ते लिहीतच नव्हतो. कॉलम एका इमारतीत आणि स्पेंट वॉश आटवणारा बाष्पक दुसऱ्या, वाफेचे मीटर वेगळे. काकांनी शेवटच्या आठवड्यात विचारलं, "त्या बाजूचा आकडा कुठाय?" तेव्हा लक्षात आलं.

त्या बॉयलरखाली राख पडते ती पालाशनं भरलेली. मळीतून मिळालेलं पोटॅश म्हणून ती आता खतांच्या यादीत आहे, साडेचौदा टक्के पालाशचं खत म्हणून विकली जाते, आणि अशा देशात विकली जाते जो आपला जवळजवळ सगळा पालाश जहाजानं मागवतो. काका निवृत्त झालेत. खोडव्याला त्यांनी यंदा तेच टाकलं होतं.